भातखंडे, आमचे बुवा आणि एक कोरा अंतरा

भातखंड्यांचे नाव मी प्रथम ऐकले ते शिवीसारखे. 1961 साल असावे. मी तेरा वर्षांचा होतो. घोडेगावात आमचे घर होते आणि घोड नदीच्या पलीकडे एका मळ्यात एक भजनी बुवा राहात. त्यांच्याकडे मी आठवड्यातून तीन दिवस गाणे शिकावयास जाई. जुन्नर-आंबेगाव भागातल्या सप्ताहांतून त्यांचे भजन असे. पण मुळात ते ख्यालाचे गवई. तरुणपणी पुण्यात एका ग्वाल्हेर परंपरेच्या गवयाकडे त्यांनी सात वर्षे काढली होती. त्यात पाणी भरणे किती आणि गाणे किती हे ते कधी सांगत नसत. एकदा मी विचारले, "बुवा, हा राग कोणत्या थाटातला?" शाळेत नव्याने आलेल्या एका मास्तरांकडून थाट हा शब्द मी उचलला होता. बुवांनी तंबोरा भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "हे तुला त्या वकिलाने शिकवले वाटते? त्याने गाण्याचा पंचनामा केला रे, पंचनामा!"

तो वकील म्हणजे विष्णु नारायण भातखंडे. त्यांच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा जयंती-पुण्यतिथीच्या निमित्ताने आणि हात जोडून. मला आज हात न जोडता लिहावयाचे आहे. आदर नाही म्हणून नव्हे. कित्येक वर्षे त्यांची पुस्तके माझ्या उशाशी आहेत आणि इतक्या सहवासानंतर माणूस थोडे भांडू शकतो.

चरित्राचा सांगाडा थोडक्यात सांगतो. 10 ऑगस्ट 1860 रोजी, गोकुळाष्टमीला, मुंबईत वाळकेश्वरला जन्म. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण, 1885 साली बी. ए., 1887 साली एल्‌एल्‌. बी. तरुणपणी सतार शिकले. 1884 पासून पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले आणि तेथे रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदे व अली हुसेन खाँ प्रभृतींकडून ख्याल मिळवले. काही काळ कराचीस वकिली केली. 1900 साली पत्नी गेली, 1903 साली एकुलती मुलगी गेली. त्यानंतर माणसाने घर मिटवले आणि वाट धरली. 1904 साली दक्षिण हिंदुस्थान, 1907 साली नागपूर, हैदराबाद व कलकत्ता, 1908 साली काशी, लखनौ, दिल्ली, जयपूर, बिकानेर. हे सारे आगगाडीने, पदरमोड करून, बरोबर एक वही घेऊन.

त्या वहीविषयीच मला बोलावयाचे आहे.

गवयाकडे जाऊन चीज मागणे म्हणजे काय असते हे ज्याने मागितली आहे त्यालाच कळते. आमच्याकडे सोयरिकीला गेलेला माणूसही इतका अवघडून बसत नाही. आधी प्रकृतीची चौकशी, मग त्यांच्या गुरूंची स्तुती, मग चहा, मग पाऊसपाणी, आणि उठता उठता, 'ती मल्हाराची अस्ताई एकदा ऐकायला मिळाली असती तर...' आणि समोरून उत्तर, 'आज घसा बसलाय.' भातखंडे हे असे तीस वर्षे करीत होते. जयपूरच्या मनरंग घराण्याचे महंमद अली खाँ आणि त्यांचे मुलगे यांच्याकडून त्यांनी शेकड्यांनी चिजा मिळवल्या. रामपूरच्या वजीर खाँसारख्या, ज्यांच्या तोंडून एक ओळ निघणे मुश्कील, अशांच्या पायाशी जाऊन बसले. एट्टयापुरमला वृद्ध सुब्बराम दीक्षितांना भेटून दक्षिणेचे शास्त्र समजावून घेतले. व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची व्यवस्था त्यांनी त्याच प्रवासात पाहिली आणि उत्तरेच्या पसाऱ्यालाही अशी काही मांडणी हवी हे त्यांच्या मनाने घेतले.

कलकत्त्याची भेट मला विशेष वाटते. तेथे 1907 साली ते राजा सौरींद्रमोहन ठाकुरांना भेटले. मराठी वाचकाला हे नाव फारसे ठाऊक नसते. पण आपण ज्या कामाचे श्रेय वाळकेश्वरला देतो, त्याची सुरुवात बंगाल्यांनी एक पिढी आधी केली होती. सौरींद्रमोहनांचे गुरू क्षेत्रमोहन गोस्वामी यांचा स्वरलिपीचा ग्रंथ 1869 सालचा. सौरींद्रमोहनांनी 1871 साली कलकत्त्यात गाण्याची शाळा काढली, आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना संगीताची डॉक्टरकी दिली. कृष्णधन बंद्योपाध्यायांचे 'गीतसूत्रसार' 1885 सालचे. तेव्हा आपले भातखंडे नुकते पदवीधर होत होते. बंगाल्यांचे पाऊल पुढे होते यात शंका नाही. मग देशभर चालली ती पद्धती भातखंड्यांची का? मला वाटते, सौरींद्रमोहन राजे होते. गवई त्यांच्या दारी येत आणि राजाला रुचेल ते गात. भातखंडे गवयांच्या दारी गेले. दारी जाणाऱ्याला पुष्कळदा नकार मिळतो, पण घरात कशी बोली चालते हेही त्यालाच ऐकू येते.

आता पुस्तकांकडे वळू. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' या ग्रंथाचा पहिला भाग 1910 साली आला आणि चौथा 1932 साली. बावीस वर्षे चाललेले हे मराठी पुस्तक. संगीतवाल्यांनी ते कोशासारखे वापरले आणि साहित्यवाल्यांनी हातात घेतले नाही. दोघांचेही नुकसान झाले. ते सारे गुरुशिष्यांच्या संवादात लिहिलेले आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतात, मध्येच प्रवासातली गोष्ट निघते, कोणा खाँसाहेबांची फजिती निघते, कोणा शास्त्रीबुवांचे अज्ञान उघडे पडते आणि मग 'आपण मूळ विषयाकडे वळू' म्हणून गाडी पुन्हा रुळावर. हे मराठी ऐटदार नाही. कोर्टातून संध्याकाळी घरी आलेला, टोपी खुंटीला लावून ओसरीवर बसलेला एखादा विचारी गृहस्थ बोलेल तसे ते आहे. वकील मात्र पानापानांत डोकावतो. पुरावा काय? हे कोणी पाहिले? ग्रंथात असे आहे तर गवई तसे का गात नाहीत? आणि गवई असे गातात तर कोणत्या आधाराने? जुन्या ग्रंथांतले स्वर आजच्या गाण्याला लागू पडत नाहीत हे स्पष्ट बोलण्याचे धैर्य त्या काळी थोड्यांना होते. बिलावलाचे सप्तक शुद्ध धरावे हे त्यांनी ठामपणे मांडले. पाटण्याच्या महंमद रझाने ते 1813 सालीच लिहून ठेवले होते. पण महंमद रझाचा फारसी ग्रंथ आमच्या पेठेत कोण वाचतो?

एका बाबतीत मात्र मी त्यांना माफ करू शकत नाही, किंवा माफ करून हसतो म्हणा. 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्‌' हा संस्कृत ग्रंथ त्यांनी स्वतः रचला आणि कर्ता म्हणून नाव दिले 'चतुर पंडित'. पुढे मराठी ग्रंथात गुरुजी शिष्याला सांगतात की चतुर पंडिताचे मत असे असे आहे! म्हणजे वकीलसाहेबांनी साक्षीदार उभा केला, त्याची साक्ष ग्राह्य धरली, आणि पिंजऱ्यात उभा कोण तर वकीलसाहेबच, फक्त पगडी बदललेली. यात लबाडी नव्हती. संस्कृतात असल्याखेरीज आपल्या लोकांना शास्त्र वाटत नाही हे त्यांनी ओळखले होते. पण जो माणूस जन्मभर दुसऱ्याला 'आधार दाखवा' म्हणून अडवतो त्याने स्वतःचा आधार असा शिवून घ्यावा, हे मला खटकते ते खटकतेच.

दहा थाटांचेही तसेच. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. मुलांना पाठ करावयास सोपे. मी स्वतः जुन्नरच्या शाळेत पस्तीस वर्षे हे पाठ करून घेतले आहे. पण राग म्हणजे काही टपालाचे पाकीट नव्हे की दहा खणांत टाकून मोकळे व्हावे. पटदीपात गंधार कोमल आणि निषाद शुद्ध. असा थाट दहांत नाहीच, म्हणून त्याला काफीत बसवतात. अहिरभैरवाचे खालचे अंग भैरवाचे आणि वरचे काफीचे. तो भैरवात कोंबला जातो. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यमाचा पत्ताच नाही. तरी भूप कल्याण थाटात आणि देसकार बिलावलात. का? चलनावरून. म्हणजे अखेर निर्णय चलनाने झाला, थाटाने नव्हे.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही, बुवांनी शिकवले. थाटाचा प्रश्न विचारल्याबद्दल आठ दिवस फुगून राहिल्यावर त्यांनी एका सकाळी मला गोठ्याशेजारच्या पडवीत बसवले. प्रथम भूप गायले. गंधारावर येऊन टेकत होते. मग जरा थांबून त्याच पाच स्वरांत देसकार. आता धैवत वर चढून उभा राहिला, आणि गंधार जाता जाता शिवलेल्या उंबऱ्यासारखा. पुढे म्हणाले, "सांग, यात वेगळा स्वर कोणता?" मी म्हणालो, "कोणताच नाही." "मग वेगळे काय?" मला उत्तर सुचेना. बुवा उठून म्हशीला वैरण घालावयास निघून गेले. त्या दिवशीची शिकवणी तेवढीच.

पण न्यायाने बोलावयाचे तर भातखंड्यांनाही हे ठाऊक होते. भूपाला गंधार वादी आणि देसकाराला धैवत वादी, एक रात्रीचा आणि एक सकाळचा, एक पूर्वांगाचा आणि एक उत्तरांगाचा, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी हे एकाच स्वरांचे तीन राग कसे सांभाळावे हेही सांगितले आहे. आसावरीत काही कोमल रिषभ घेतात, काही शुद्ध. दोन्ही चाली त्यांनी नोंदल्या. थाट हा त्यांच्या लेखी दप्तराचा धागा होता. पुढच्या परीक्षावाल्यांनी धाग्यालाच दप्तर केले. प्रश्नपत्रिकेत 'थाट लिहा : गुण 2' हे विचारता येते. 'देसकार आणि भूप यांत वेगळे काय ते गाऊन दाखवा' हे विचारणारा परीक्षक स्वतः गाणारा लागतो.

1966 साली मी पुण्यास कॉलेजात गेलो आणि अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'क्रमिक पुस्तक मालिके'चा एक भाग मला सापडला. या मालिकेचे सहा भाग. शेवटचे दोन तर त्यांच्या निधनानंतर 1937 साली निघाले. सगळ्यांत मिळून अठराशेंच्या वर चिजा आहेत. स्वरलिपी इतकी साधी की कोणत्याही छापखान्यात खिळे जुळवता यावेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब, समेला फुली आणि खालीला शून्य. बस. मी ते पुस्तक घेऊन खोलीवर आलो, पेटी काढली आणि रात्रभर चिजा वाचीत बसलो. ज्या वस्तूसाठी बुवांची म्हैस चार वर्षे पाण्यावर नेली ती वस्तू येथे रद्दीच्या भावात मिळत होती. तो आनंद कोणत्या तोंडाने नाकारू? भातखंड्यांवर टीका करणाऱ्या कित्येक घरंदाज गायकांच्या घरी मी त्यांची पुस्तके पाहिली आहेत. बहुधा वर्तमानपत्राचे वेष्टण घातलेली.

त्या पुस्तकात बुवांकडून मिळालेली एक केदाराची चीज छापलेली होती. शब्द जवळजवळ तेच. अस्ताई तीच. अंतऱ्यात मात्र बुवा तार षड्जावर जाताना एक वळसा घेत, तो तेथे नव्हता. रेघ सरळ वर जात होती. मी सुटीत घरी आलो आणि मूर्खासारखे बुवांना ते पान दाखवले. त्यांना वाचता येत नव्हते असे नाही. स्वरलिपी येत नव्हती. मी वाचून दाखवली. ते म्हणाले, "बरोबर आहे. पण ही ऐकून लिहिलेली आहे. शिकून लिहिलेली नाही." माझ्या मते भातखंड्यांवर झालेल्या साऱ्या टीकेत याहून नेमके वाक्य नाही आणि याहून अन्यायाचेही नाही. जयपूरच्या एका खाँसाहेबांनी त्यांना ती सरळच सांगितली असेल. बुवांच्या गुरूंनी वळसा स्वतः घातला असेल. खरी कोणती हे ठरवणारा कोण?

त्या सुटीत मी एक गोष्ट केली. बुवांच्या चिजा रोज रात्री घरी येऊन भातखंडे लिपीत उतरवू लागलो. शंभर पानी वही, वर 'इतिहास' असे नाव. अकरा चिजा झाल्या. बाराव्या, एका अनवट कानड्याच्या चिजेची अस्ताई झाली होती आणि अंतरा त्यांनी एकदाच म्हणून दाखवला होता. तेवढ्यात वही पिशवीतून पडली. बुवांनी उचलली, उघडली. फुल्या आणि शून्ये पाहून त्यांना काय ते कळले. रागावले नाहीत. वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तुझ्याकडे आहे ना सगळे? मग येतोस कशाला?" सहा महिने त्यांनी मला दारात घेतले नाही. पुढे घेतले, भजनाला मागे बसवू लागले, लळाही लावला. पण तो कानडा पुन्हा काढला नाही. 1974 साली ते गेले.

म्हणून भातखंड्यांनी वहीच्या जोरावर गाणे निर्जीव केले असे कोणी म्हणू लागला की मला ते पटत नाही, आणि त्यांनी गाणे वाचवले असे कोणी म्हटले तरी पुरते पटत नाही. जानकी बखले यांनी 2005 साली भातखंडे व विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्यावर इंग्रजीत एक सडेतोड ग्रंथ लिहिला. खाँसाहेबांविषयी भातखंड्यांच्या मनात असलेली अढी त्यांनी बारकाईने दाखवली आहे. ती अढी मराठी ग्रंथांतूनही जाणवते. ज्यांच्या ओंजळीतून पाणी प्यावयाचे त्यांनाच अडाणी म्हणावयाचे, हे वाचताना मला प्रत्येक वेळी लाज वाटते. आणि ती लाज थोडी माझी स्वतःचीही असते, 'इतिहास' नावाच्या वहीची.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या वहीत आमचा मुलूख नाही. हिंदुस्थानभर फिरलेला हा मुंबईकर नारायणगावच्या फडात कधी बसला असेल असे त्यांच्या ग्रंथांतून दिसत नाही. ढोलकी-तुणतुण्याच्या साथीत गौळण उठते, पहाटे भैरवी येते, त्याला शास्त्रात खण नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना 1957 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवले गेले. पण तो गळा कोणत्या थाटाचा हे कोणी विचारले नाही आणि त्या गळ्यातली लावणी कोणी फुली-शून्याने लिहून ठेवली नाही. भातखंड्यांना हे संगीत हलके वाटले असावे. त्या काळच्या सुशिक्षितांना वाटेच. पण 'लक्ष्य' म्हणजे प्रत्यक्षात चालते ते गाणे, हा शब्द ग्रंथाच्या नावातच घालणाऱ्या माणसाकडून माझी अपेक्षा अधिक होती.

शिक्षक म्हणून मात्र त्यांच्यापुढे मान लवते. 1916 साली सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली संगीत परिषद भरवली, पुढे दिल्ली, काशी, लखनौ. 1918 साली ग्वाल्हेरचे विद्यालय, 1926 साली लखनौचे मॅरिस कॉलेज. लखनौ नवाबांचे शहर, आणि तेथे गाणे शिकवण्याची पद्धत बसवणार मुंबईचा मराठी वकील! 1928 पासून त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तेथे प्राचार्य होते. त्यांचेही अर्धे पाणी दुसऱ्या विहिरीचे. ते फैयाज खाँकडे बडोद्यास राहून शिकले होते. वही आणि तालीम यांचे भांडण ज्याच्या अंगात मिटले होते असा शिक्षक भातखंड्यांना मिळाला हे त्यांचे भाग्य. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर, बंगालचे चिन्मय लाहिरी ही सारी त्या घरची माणसे. गिंड्यांच्या गाण्यात मला पुस्तकाचा वास कधी आला नाही. 1933 साली भातखंड्यांना पक्षाघात झाला. तीन वर्षे अंथरुणावर पडून, पाचव्या-सहाव्या भागांची काळजी वाहात, 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेश चतुर्थीला ते गेले. 1966 साली लखनौच्या कॉलेजाला त्यांचे नाव मिळाले. आज ते विद्यापीठ आहे.

बुवांच्या नावाने काही नाही. ज्या आंबेगावच्या मंदिरात त्यांचे भजन रंगे ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. सरकारी दप्तरात त्या गावाची घरे क्रमांकाने नोंदलेली सापडतील. कोणत्या ओट्यावर बसून कोण गात असे हा रकाना त्या फॉर्मात नव्हता. मी मात्र त्या फॉर्मवाल्याला हसू शकत नाही. माझ्याकडे त्याच्याइतकेही नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने ती वही कपाटातून काढली. आता मुले चीज मोबाईलवर ध्वनिमुद्रित करतात, कोणी हरकत घेत नाही, मीही घेत नाही. तिने पाने उलटली, केदार वाचला आणि लगेच म्हणाली, "आजोबा, हा अंतरा क्रमिक पुस्तकात वेगळा आहे." मी तिला दोन्ही गाऊन दाखवले. तिने दोन्ही घेतले, वळशासह आणि वळशावाचून, आणि मला विचारले की परीक्षेत कोणता म्हणू. मी म्हणालो, परीक्षेत पुस्तकातला म्हण. मग ती शेवटच्या पानावर आली. कानड्याची अस्ताई नीट लिहिलेली, खाली शाईने 'अंतरा' हा शब्द, आणि पुढे मात्रांचे सोळा रिकामे खण, समेखाली फुली, नवव्या मात्रेखाली शून्य.

"हा कुठे मिळेल?" तिने विचारले. मी सहाही भाग शोधले आहेत. त्या रागाच्या पानांत दुसऱ्या चिजा आहेत, ही नाही. पहिल्या चार मात्रा मला अधूनमधून आठवल्यासारख्या वाटतात, विशेषतः सकाळी नळाचे पाणी भरताना. मी त्या तिला म्हणून दाखवल्या. तिने पेन्सिल घेतली आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, लिही. पण पेन्सिलीनेच लिही.